शुक्रवारचा शिक्का

तांजुंग उंचांगच्या गोदीत ठिणगी पाडायची असेल तर आधी हस्नीदारच्या टेबलाशी जावं लागतं. वेल्डिंग असो, कटिंग असो, नुसतं ग्राइंडर फिरवायचं असो. तिच्याकडून परमिट सुटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. परमिटवर सही मॅनेजरची असते, नाव सेफ्टी इंजिनियरचं असतं, पण खालचा निळा शिक्का हस्नीदारचा. आणि इंडोनेशियातल्या बाताम बेटाच्या त्या टोकाला सहीला कोणी विचारत नाही, शिक्क्याला विचारतात.

सगळे तिला उनी म्हणतात. मिनांग घरात थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. बटाक म्हणतात, जावानीज म्हणतात, फ्लोरेसहून आलेले रंगारीसुद्धा म्हणतात. मागे तिला कागदबाई म्हणतात तेही तिला ठाऊक आहे. "म्हणा," ती म्हणते. "कागद जळतो तेव्हा माणूस वाचलेला असतो." याचा अर्थ नेमका काय, हे तिलाही सांगता यायचं नाही, पण ती ते अशा ठसक्यात सांगते की पुढे कोणी विचारत नाही.

ती काही या कामासाठी शिकलेली नव्हे. पायाकुंबूहून आली तेव्हा गोदीच्या कँटीनमध्ये भात वाढायची. एके दिवशी जेवणाची सुट्टी संपत आली आणि ती उठून मुकादमाला म्हणाली, "तुमची दोन माणसं जेवायला आलेली नाहीत." मुकादम हसला. हस्नीदार हसली नाही, डाव हातात घेऊन तशीच जहाजावर गेली. दोघं टाकीत गुंगी येऊन पडले होते. वेळेवर काढले, वाचले. कोणाचं ताट रिकामं राहिलं हे जिला कळतं तिला परमिटच्या टेबलावर बसवा, असं तेव्हाच्या जुन्या मॅनेजरला सुचलं. साहेब लोकांना शहाणपण सुचल्याचे दिवस बोटावर मोजण्यासारखे असतात, त्यातला हा एक. मग ती वायू मोजायचं यंत्र शिकली, परीक्षा दिली, पास झाली. त्याला एकोणीस वर्षं झाली. आणि या एकोणीस वर्षांत तिला कायम कोणी केलं नाही. दर दोन वर्षांनी करार, दर दोन वर्षांनी मॅनेजरच्या दारात उभं राहणं. गोदीतली आग सांभाळणारं माणूस पक्कं नको, जहाज मात्र पक्कं हवं!

तर त्या शुक्रवारी तिचा नवा करार मॅनेजर पाक हेंद्रांच्या टेबलावर पडलेला होता. जुन्याची मुदत महिनाअखेरपर्यंतची. सही व्हायची होती.

आणि कोरड्या गोदीत एक तेलवाहू जहाज पाण्यात सोडायचं होतं. भरती चार वाजून दहा मिनिटांनी. सगळं झालं होतं, तीन नंबरच्या टाकीतला वितीएवढा एक जोड तेवढा राहिला होता. शेजारच्या चार नंबरात आदल्या दिवशी रंग मारलेला, अजून ओला. दोन टाक्यांच्या मधल्या भिंतीला पाइपासाठी पाडलेलं भोक, त्यातून रंगाची पेटणारी वाफ इकडे येणार. म्हणून हस्नीदारने परमिटवर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात अट घातली होती: रंग वाळेपर्यंत तीन नंबरात हवा खेळवणारा ब्लोअर बंद करायचा नाही.

आता शुक्रवारची रीत सांगायला हवी. अकरा वाजले की मुसलमान कामगार नमाजाला जातात आणि दीडपर्यंत गोदीत ठिणगी उडत नाही. या दोन-अडीच तासांत टाक्यांच्या तोंडाशी बटाक ख्रिस्ती गडी पहाऱ्याला बसतात. रविवारी ते चर्चला जातात, तेव्हा मुसलमान बसतात. ही अदलाबदल कुठल्या ऑफिसात ठरली नाही. हस्नीदारनेच दोन्हीकडच्यांना चहा पाजून लावून दिली. दीड वाजता मुकादम परमिट घेऊन येतो, ती पुन्हा शिक्का मारते, काम सुरू.

नियम असा की दुसऱ्या शिक्क्याआधी टाकीतली हवा पुन्हा मोजायची. पण हस्नीदारचे गुडघे गेलेले. मचाणाच्या सत्तेचाळीस पायऱ्या. ब्लोअर चालूच असतो, मग मोजायचं काय, असं म्हणत गेली दोन वर्षं ती शुक्रवारी बसल्या जागी शिक्का मारत होती. हे तिला माहीत होतं आणि मुकादमांना माहीत होतं. बाकी कोणी कधी विचारलं नव्हतं.

त्या शुक्रवारी ती एकटीच ऑफिसात डबा उघडून बसली होती. केळीच्या पानातला भात, वर रेंदांगचे, मसाल्यात आटवलेल्या मांसाचे, दोन तुकडे. आणि गाणं आलं.

बटाक माणूस आणि गाणं वेगळं करता येत नाही. वेल्डिंगचा मुकादम तोहाप आणि त्याचे सहा गडी एकाच चर्चचे, रविवारी गायनाची स्पर्धा. शुक्रवारच्या त्या शांत वेळेत ते जहाजाच्या कडेला बसून सराव करत. एरवी ब्लोअरच्या घरघरीतून एखादी ओळ इकडे यायची, एखादी वाऱ्यावर जायची. त्या दिवशी मात्र सगळं आलं. तोहापचा खर्ज थेट खिडकीतून येऊन टेबलावर बसला. हस्नीदारचा घास हातातच राहिला. तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी डोळ्यांत पाणी आलं. "काय गातात मेले," ती स्वतःशीच म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले.

दीड वाजता तोहाप आला. धिप्पाड गडी, हेल्मेट काखेत, परमिट पुढे केलेलं.

"उनी, मारा शिक्का. वीस मिनिटांचं काम आहे. मग जहाज गेलं आणि मीही गेलो."

"गाणं फार गोड झालं रे आज."

"ऐकू आलं?" तोहाप खुलला. "सगळं?"

"सगळं. तुझा तो खर्जसुद्धा."

तिने शिक्का शाईवर दाबला, उचलला, आणि हात तसाच थांबला.

"तोहाप, इथपर्यंत कसं ऐकू आलं रे?"

तोहापने हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतलं.

"ब्लोअर बंद केला होतास?"

"थोडाच वेळ, उनी. सूर लागत नव्हता. पोरं एकमेकांना ऐकू येत नव्हती. परत चालू केलाय की."

"कधी?"

"आत्ता. येताना."

"आणि बंद कधी केलास?"

"तुमचे लोक नमाजाला गेले तेव्हा."

शिक्का खाली आला तो डबीवर. "गाढवा," हस्नीदार म्हणाली, "परमिटवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, आणि गाण्याचं पुस्तक बरं वाचता येतं?"

तेवढ्यात पाक हेंद्रा आत आले. पांढरा शर्ट, हातात फोन, फोनवर जहाजाचा मालक. परमिटवर अजून दुसरा शिक्का नाही हे पाहून त्यांनी फोन छातीला लावला.

"बू हस्नीदार, अडलंय कुठे?"

"हवा मोजायची आहे."

"आजच? दर शुक्रवारी मोजता?"

प्रश्न बरोबर जागी बसला. हस्नीदारचा चेहरा उतरला. "नाही मोजत," ती म्हणाली. "चुकतं माझं. आज मोजणार."

"भरती तुमच्यासाठी थांबणार नाही." पाक हेंद्रांनी आवाज खाली आणला, आणि या माणसाचा आवाज खाली आला की समजावं. "तुमचा एक कागद माझ्या टेबलावर आहे. तुम्ही या कागदाचं बघा, मी त्या कागदाचं बघतो. साधं आहे."

साधंच होतं. बावन्न वर्षांच्या, गुडघे गेलेल्या बाईला दुसरी कुठली गोदी घेणार होती? तिने यंत्र गळ्यात अडकवलं, नळीचं वेटोळं खांद्यावर टाकलं. "बघा तुम्ही त्या कागदाचं," म्हणाली, आणि निघाली.

सत्तेचाळीस पायऱ्या ती चढली. मधे दोनदा थांबली. तोहाप मागून हात द्यायला आला तर म्हणाली, "तो हात ब्लोअरला लावायचा होता." टाकीच्या तोंडाशी गडी जमले होते. मोजताना हवा थांबलेली हवी म्हणून तिने ब्लोअर बंद करायला लावला, थोडा वेळ जाऊ दिला, मग नळी आत सोडली.

टाकीच्या वरच्या थरात आकडा शून्य.

मधल्या थरात शून्य.

खालून पाक हेंद्रा ओरडले, "झालं समाधान?"

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने तर मास्क डोक्यावर चढवलासुद्धा. हस्नीदारने हाताने थोपवलं. रंगाचा वास जड असतो, तळाला जाऊन बसतो. वर नाक लावून तो सापडत नाही. नळी तळापर्यंत पुरत नव्हती. तिने दुसरी जोडली, मचाणाचा एक बांबू मागून त्याला ती बांधली आणि सगळं खाली कोपऱ्यात सारलं, भोकाजवळ, जिथे तोहाप गुडघे टेकून बसणार होता तिथे.

एवढ्या लांब नळीतून हवा वर यायला वेळ लागतो. यंत्र घुरघुरत होतं. हस्नीदार ओठात काहीतरी पुटपुटत होती, दुआ असेल नाहीतर शिवी.

मग यंत्र किंचाळलं.

शून्याचे बारा झाले, वीस झाले, चौतीसवर जाऊन थांबले. आणि ज्या टाकीत ठिणगी पाडायची तिथे शून्याशिवाय दुसरा आकडा चालत नाही, हे त्या सातही जणांना पाठ होतं. तोहाप मचाणावरच बसला. त्याच्या हातातला वेल्डिंगचा होल्डर घरंगळला, तो उचलायचंही त्याला भान राहिलं नाही.

"उतरा सगळे," हस्नीदार म्हणाली. "ब्लोअर लावा. आज गाणं पुरे."

भरती आली आणि गेली. जहाज जागच्या जागी. पाक हेंद्रा फोनवर मालकाला काय सांगत होते ते काचेतून दिसत होतं, ऐकायची गरज नव्हती.

संध्याकाळी ती अहवाल लिहायला बसली तेव्हा तोहाप समोर येऊन उभा राहिला.

"उनी, गाण्याचं लिहू नका. पहिली गच्छंती माझी होईल. ब्लोअर आपोआप बंद पडला म्हणा. वायर सुटली म्हणा."

"वायर सुटली म्हटलं तर ते वायर बदलतील. पुढच्या शुक्रवारी तुम्ही परत गाणार."

"मग मरू द्या मला!"

"तेच तर नको आहे ना रे, मूर्खा!" ती एवढ्या जोरात ओरडली की तोहाप दचकला. मग हळू म्हणाली, "बस. वाचून दाखवते."

तिने लिहिलं होतं: अकरा ते दीड ब्लोअर बंद. बंद करणारा मुकादम तोहाप, कारण गायनाचा सराव. त्याखाली: शुक्रवारच्या पहारेकऱ्यांना ब्लोअर कोणी सांभाळायचा हे कधीच शिकवलं गेलं नाही. ती व्यवस्था माझी, चूक माझी. त्याखाली: गेली दोन वर्षं शुक्रवारी मी हवा न मोजता शिक्का मारला. आणि त्याखाली, नियम म्हणून: मॅनेजरने मोजणीआधी शिक्का मागितला, वेळ एक चाळीस.

तोहापने डोकं धरलं. "हे तुम्ही त्यांच्याच हातात देणार?"

"एक त्यांच्या हातात, एक जहाजाच्या मालकाला, एक विमेवाल्याला. तीन प्रती निघतात, नियम आहे."

या तिसऱ्या प्रतीचं पाक हेंद्रांना सकाळी कळलं. तोवर टाकीचा तळ शून्यावर आला होता, जोड वीस मिनिटांत झाला होता आणि पहाटेच्या भरतीला जहाज तरंगलं होतं. विमेवाल्याकडे कागद असताना तो लिहिणारीला काढलं तर लोक काय विचारतील, एवढा हिशेब साहेबांना येतो. त्यांनी तोहापला ताकीद दिली, आणि हस्नीदारचा करार स्वतः आणून टेबलावर ठेवला. सही होती. दोन वर्षांच्या जागी सहा महिने लिहिलेलं.

"सध्या एवढंच जमतंय," पाक हेंद्रा म्हणाले आणि निघून गेले.

तोहाप दारातच होता. कागद पाहून लालबुंद झाला. "सहा महिने? एकोणीस वर्षांनंतर सहा महिने? चला उनी, सगळ्यांना काम बंद करायला सांगतो!"

"सांगशील. सहा महिन्यांनी सांग. आत्ता इकडे ये." हस्नीदारने एक कोरा कागद ओढला आणि पट्टीने रेघा मारायला घेतल्या. "सहा महिने म्हणजे सव्वीस शुक्रवार. प्रत्येक शुक्रवारी ब्लोअरपाशी एक नाव. दीड वाजता नळी धरायला दुसरं नाव, मला पायऱ्या चढवायला तिसरं. ब्लोअरचं पहिलं नाव तुझं."

"आणि गाणं?"

"गा की. फाटकाबाहेर जाऊन गा."

"तिकडे उन्हात आवाज बसतो, उनी."

"बसू दे," ती म्हणाली आणि त्याचं नाव लिहिलं.