सगळ्यांना सारखेच ट्रॅक्टर

कडा या बाजारगावाजवळच्या आमच्या गावात यात्रेला ट्रॅक्टरची शर्यत होते. ऊस तुटून गेलेलं रान फळी मारून सपाट करायचं, पलीकडच्या टोकाला डांबराचा रिकामा पिंप उभा करायचा आणि त्याला वळसा घालून जो आधी परत येईल तो जिंकला.

पूर्वी ज्याचा त्याचा ट्रॅक्टर असे. माझा थोरला भाऊ आणि त्याचा वेल्डर मित्र एकाच शेडमध्ये आपापली गाडी तयार करत, मधे ताडपत्री टांगून. दादानं मागची चाकं बाहेर ओढून घेतली होती आणि नाकावर लोखंडी वजनं बसवली होती. मित्राचा सगळा जीव डिझेलच्या पंपावर. त्याची गाडी काळा धूर ओकत सुटायची, वळणावर मात्र दादा त्याला गाठायचा. ताकद मोठी की पकड, यावरून दोघं वर्षभर भांडत आणि एका ताटात जेवत.

मग एका यात्रेत बाहेरगावच्या गड्याचं इंजिन फुटलं. लोखंडाचा तुकडा गर्दीत येऊन पडला. कुणाला लागलं नाही, पण यात्रेची समिती हादरली. पुढच्या वर्षापासून एकाच शोरूमचे नवेकोरे, एकसारखे ट्रॅक्टर आणायचे, चिठ्ठी टाकून वाटायचे आणि कुणी पान्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवते, म्हणून तपासणीचं काम माझ्याकडे आलं. मला नियम पटला होता.

त्या सकाळी मी पंपांना सील लावत फिरत होते. दादा आपल्या वाट्याच्या ट्रॅक्टरमागे उकिडवा बसून दोन चाकांमधलं अंतर वितीनं मोजत होता.

"चाकं लई आत हायती," तो म्हणाला. "पिंपाला वळताना उचलंल ह्ये."

आम्ही दोघं समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "सगळ्यांना सारखंच हाय ना? मग तक्रार कावून?"

दादाचा मित्र शेजारीच उभा होता. दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता कळंल बे, आजवर जिंकत कोण व्हतं. तू का तुजी चाकं."

पहिल्या फेरीतच फरक दिसला. आधी पिंपापाशी पोचेपर्यंत गाड्या फाकलेल्या असत. कुणी पुढे, कुणी बंद पडलेला. आता सगळे ट्रॅक्टर बॉनेटला बॉनेट लावून एकदमच वळणावर आले. अशी चुरस गावानं कधी पाहिली नव्हती. लोक दोरी ओलांडून आत सरकले. समितीची माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. मी चालकांच्या पायांकडे बघत होते. ट्रॅक्टरला दोन ब्रेक असतात, एकेका चाकाचा एकेक. रस्त्यावर दोन्ही पेडल जोडून ठेवतात. सगळ्यांनी ती सोडवली होती, जागच्या जागी वळता यावं म्हणून. नियमात ते बसत होतं. दुसरं काही करायला राहिलंच नव्हतं. शेवटपर्यंत कोण ब्रेक दाबत नाही, एवढीच शर्यत उरली होती.

शेवटच्या फेरीला दादा आणि त्याचा मित्र दोघंच उरले. त्याआधी मी दादाजवळ गेले. "पिंपापाशी त्याला पुढं जाऊ दे, दादा."

"जाऊ दिल्यावर माझ्याकडं काय ऱ्हातं? त्याच्याकडं हाय तीच गाडी माझ्याकडं हाय." त्यानं स्टिअरिंगवर हात फिरवला. "ह्यात माझं म्हणावं असं कायबी न्हाई."

दोघं पिंपाशी जोडीनंच पोचले. मित्र आतून, दादा बाहेरून. मित्रानं आतला ब्रेक दाबला आणि त्याचं आतलं चाक जमिनीवरून सुटलेलं मला दिसलं. दादालाही दिसलं असणार, कारण त्यानं गाडी एकदम वळण सोडून बाजूच्या रानात काढली. मित्राचा ट्रॅक्टर सावकाश, अगदी सावकाश कलला आणि पालथा झाला. इंजिन चालूच होतं, वर आलेलं चाक फिरत होतं. दादानं धावत जाऊन इंजिन बंद केलं. मग माणसांनी मिळून ट्रॅक्टर उचलला.

मित्राला नगरला नेलं. तो वाचला. डावा पाय मात्र गुडघ्यात वाकत नाही.

पोलिसांनी मला त्या ट्रॅक्टरची तपासणी करायला लावली. सील शाबूत, ब्रेक ठीक, टायर नवे. काही दोष नाही, असं मी सांगितलं. मागे उभा असलेला दादा एवढंच म्हणाला, "तेच तर."

एक वर्ष शर्यत झाली नाही. यंदा समितीची माणसं माझ्या घरी आली. त्या वळणाचा व्हिडिओ मोबाइलवर लांबलांबपर्यंत गेला होता, यंदा गर्दी मावणार नाही म्हणाले. ट्रॅक्टरही जास्त आणायचे होते. मी म्हटलं, "चाकं बाहेर घ्या, मगच सील लावीन." अध्यक्ष म्हणाले, "शोरूमवाला ऐकत न्हाई, मॅडम. त्येला गाडी दुकानात दिसती तशीच दिसायला पायजे." मी नकार दिला. त्यांना दुसरा तपासनीस मिळाला.

परवा वहिनीचा फोन आला. "वन्सं, ह्यांनी नाव दिलंय. तुमाला सांगू नको म्हणले."

मी विचारलं, "आणि दादाचा मित्र काय म्हणतो?"

"ते काय म्हणत्यात!" वहिनी म्हणाली. "तेच तर शिकवायलेत. रोज सांजच्याला काठी टेकत रानात जात्यात, अन् गाडी कुठपतूर उचलली तरी पडत न्हाई ते ह्यांना दाखवत्यात."