तिची इरकली
ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासासरशी चौऱ्याहत्तर सालचं सांगलीचं वसतिगृह आठवतं. रविवारी आम्ही दोघी मैत्रिणी साड्या अदलाबदल करून नेसायचो. त्या दुपारी तिनं माझी नायलॉनची नेसली, मी तिची इरकली, आणि दोघींनी वाचलेल्या कादंबरीवरचा सिनेमा बघून कृष्णाकाठानं वाद घालत परतलो. कादंबरीतली बाई सासर सोडते ती कायमची. सिनेमात तिला परत आणून सासऱ्याच्या पाया पडायला लावलं होतं. मला ते आवडलं. ती चिडली, “कशाला आणली गं परत? चांगली सुटली हुती की!” वसतिगृहाच्या फाटकाशी तिचे वडील उभे होते. “चल, पावणं आल्यात बघायला.” “आबा, परीक्षा हाय.” “आता कशाची परीक्षा?” साडीसुद्धा बदलू न देता त्यांनी तिला इस्लामपूरच्या एसटीत बसवलं. इरकली माझ्याकडेच राहिली. कादंबरीतल्या बाईसारखी तीही परत आली नाही, पण सुटून नव्हे.