चोवीस तासांची लघवी

रिठदचे शेषराव म्हणजे सचोटीचा माणूस, असं अख्खा गाव सांगेल. शाळेत तेहतीस वर्षं शिपाई होते. घंटा एक मिनिट इकडची तिकडं झाली नाही. रिटायर झाल्यावर समाजातल्या लग्नात त्रिशरण-पंचशील म्हणायला तेच. अशा माणसाने लघवीत भेसळ करावी? पण केली बाप्पा, काय सांगायचं!

शुगरने किडनीचं आणि पायाच्या नसांचं किती नुकसान होतं, यावर वाशीमच्या एका दवाखान्यात संशोधन चाललं होतं. शेषरावांना बारा वर्षांची शुगर. पायातली चप्पल निसटली तरी कळायचं नाही. त्यांनी नाव दिलं. घोट्याजवळ मशीन फिरवून नसेचा फोटो काढला, तर नस सुजलेली निघाली. मग डॉक्टरीणबाईंनी पाच लिटरचा कॅन हातात दिला.

"काका, उद्या सकाळची पहिली सोडून द्या. मग परवा सकाळपर्यंतचा थेंबन्‌थेंब यात. त्यावरून किडनी किती काम करते ते मोजतो. एकदा जरी बाहेर गेली तरी सांगा, पुन्हा करू."

नेमकं दुसऱ्या दिवशी किन्हीराजा गावी लग्न. पांढरा सदरा घालून, हातात तो कॅन घेऊन मांडवात जायचं कसं? शेषराव लाजले आणि कॅन मोरीत ठेवून गेले. तीनदा बाभळीआड जाऊन आले, आणि खोटं न बोलण्याचं चौथं शीलही खणखणीत म्हणाले. संध्याकाळी पाहतात तर कॅनच्या तळाशी जेमतेम. खरं सांगितलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण आपल्याला एवढंही साधलं नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"अवं, जरा तू बी टाक यात," ते बायकोला म्हणाले.

"लाज वाटते का नाही तुमाले? माही कायले?" लिलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पण टाकली.

आठवड्याने कागद पाहून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. रक्त ठीक होतं, पण लघवीत प्रोटीन भरमसाट. किडनी खराब असल्याशिवाय एवढं जात नाही, म्हणाल्या. शेषरावांनी दुसऱ्यांदा घरी बसून इमानदारीने कॅन भरला. रिपोर्ट स्वच्छ आला. "म्हणजे आधी आमच्या लॅबनेच घोळ घातला," असं म्हणत बाईंनी लॅबमधल्या बबलूला त्यांच्यासमोरच झापलं. शेषरावांनी आपला रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला. सुटलो बुवा, असंच वाटलं त्यांना.

परतताना एसटीत बसल्यावर मात्र एकदम मनात आलं. ते प्रोटीन आपलं नव्हतं, तर कोणाचं होतं?

घरी आल्यावर त्यांनी लिलाबाईंचा पाय दाबून पाहिला. बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून. सारे तुमच्या पायाचे फोटो काढून राह्यले होते, त्यात माह्या पायाचं काय सांगू?"

आता तरी उठून दवाखान्यात जावं की नाही! पण बबलूचं पडलेलं तोंड आठवायचं आणि हा माणूस घरातच घुटमळायचा. उन्हाने सूज आली असेल, अशी स्वतःचीच समजूत घालायचा. दहाव्या दिवशी सकाळी लिलाबाईंचे डोळे सुजेने उघडेनात, तेव्हा कुठे त्यांना घेऊन निघाले. वाटेत त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, दहा दिवसांसकट.

दवाखान्यात बबलू होता, दहा-बारा पेशंट होते. त्या सगळ्यांदेखत शेषराव म्हणाले, "बाई, तो पहिला कॅन निस्ता माहा नव्हता. अर्धा हिचा होता. या पोराची काहीच चूक नव्हती."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. लिलाबाईंचे पाय तपासता तपासता त्यांनी एवढंच विचारलं, "काका, हे तुमच्या ध्यानात कधी आलं?"

"आजच समजलं यायले," लिलाबाई म्हणाल्या.

"नाही बाई," शेषराव म्हणाले. "दहा दिस झाले." बायकोकडे पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.