चकचकीत पत्र्यातला दुसरा माणूस

बाबर सर नसते तर मी आज नसतो... हे मी आधीही सगळ्यांना सांगायचो, पण तेव्हा अर्थ वेगळा होता. सांगोल्याकडच्या आमच्या शाळेत ते तांत्रिक विषय शिकवायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. डिप्लोमाचा फॉर्म सरांनीच भरला, पुढे डिग्रीलाही त्यांनीच ढकललं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अकरा वर्षं मीटर आणि कॅमेरे घेऊन कारखाने फिरतोय. जे मोजता येत नाही, त्यासाठी अंगात त्राणच उरत नाही.

जागा तुर्भ्यातल्या एका कारखान्याची पॅनेल रूम, वेळ दुपारी पावणेदोन. त्या दिवसातलं पाचवं पॅनेल. सोबत करावे गावचा जनू तांडेल, वयाने मोठा टेक्निशियन. उष्णता दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यात एक सांधा तापलेला दिसला. सप्लाय बंद करून नट आवळायचा, एवढंच काम. स्विच खाली केला, मल्टिमीटर लावला. शून्य.

जनूदादाने पाना उचलला.

"थांब, सांधा निवला का बघतो," मी म्हणालो.

"मीटर शून्य बोलतो ना? मंग आता काय पंचांग बघतोस? भूक लागली हाय, दादूस."

मी कॅमेरा वर केला. या कॅमेऱ्याची एक खोड आहे — चकचकीत धातूत आपल्याच अंगाची ऊब आरशासारखी दिसते. नवी पोरं तोच बिघाड म्हणून लिहून आणतात. उपाय सोपा : बाजूला सरका, डाग सरकला तर तो तुम्हीच.

पॅनेलच्या आतल्या मागच्या पत्र्यात दोन आकृत्या होत्या. मी सरकलो. एक सरकली... दुसरी जागेवरच राहिली. सवयीने बटण दाबून फोटो घेतला. ऊब माणसाच्या अंगाएवढी. चेहरा नाही, नुसता धूसर आकार, पण डावा हात कोपरात वाकून खिशात गेलेला.

मागे वळलो. भिंत. दाराला आतून कडी, जनूदादानेच लावलेली. आणि तो स्वतः माझ्यासमोर, पॅनेलच्या कडेला.

सर मोजताना डावा हात कायम खिशात ठेवायचे. झटका बसलाच तर छातीतून जायला नको, म्हणून. आणि म्हणायचे, "दमलेल्या माणसाने दोनदा तपासावं. आधी जिवंत सप्लायवर मीटर बघ, मग मेलेल्यावर."

"दादा, हात लावू नको!"

मी मीटर भिंतीवरच्या चालू सॉकेटला लावला. तिथेही शून्य. सकाळी बॅटऱ्या तपासल्या होत्या, तेव्हापासून मीटर डीसीवरच राहिला होता, आणि तिथे तो एसी वीज शून्यच दाखवतो. एसीवर फिरवून पॅनेलला लावला — दोनशे चौतीस. स्विच खाली होता, पण आतला एक संपर्क चिकटून बसला होता.

जनूदादाने पाना खाली ठेवला. मी पत्र्यातल्या आकृतीचं आणि सरांच्या खिशातल्या हाताचं सांगितलं, तेव्हा म्हणाला, "तुजा सर कोन हाय रं?"

ऑफिसमध्ये फोटो दाखवला. कोणी म्हणालं, कामगार मागून गेला असेल. पण दाराला आतून कडी होती. सर गावीच आहेत, सुखरूप. फोटो छापून सरांना पत्र पाठवलं :

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार. त्या दिवशी मी दमलो होतो आणि एकदाच तपासलं होतं. चूक माझी. जनूदादा सुखरूप आहेत, त्यांनीही नमस्कार सांगितलाय. सोबत फोटो आहे. उजवीकडचा मी, सर. माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर आहेत."