मांडीवरचा काँप्युटर

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दोन हजार सालच्या आसपास मी हुपरीच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं कोल्हापूरला परतायचे. एकदा टाय लावलेला एक तरुण शेजारी येऊन बसला. मांडीवर काँप्युटरचा भला मोठा मॉनिटर. थंडी होती, तरी स्वतःचा स्वेटर त्यानं मॉनिटरलाच गुंडाळला होता.

"पावणं, ठेवा की ते खाली," कंडक्टर खेकसला.

"नको ओ, काच फुटंल."

हुपरीतल्या चांदीवाल्यांना तो हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायचा. ते दाखवायला कंपनीनं हा काँप्युटर दिला होता.

"खपतं का?" मी विचारलं.

"खपतंय की, मॅडम. पण कंपनी कोल्हापूरचं ऑफिस बंद करून सगळं पुण्याला हलवतीया. काँप्युटर सोमवारी तिथं पायजे म्हणालेत."

"आणि तुम्ही?"

"आमा विकणाऱ्यांचं मागनं कळवतो म्हणालेत."

बोलता बोलता त्यानं स्वेटरची घसरलेली बाही पुन्हा नीट खोचली, लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी.

उचगावजवळ ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. "काँप्युटर धरा, काँप्युटर!" कुणीतरी ओरडलं आणि पुढचे-मागचे सगळे हात तिकडं धावले.

मी त्या पोराचा दंड घट्ट धरला.