भावोजींची तागडी

मोजल्याशिवाय सुखी न होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जव्हार संस्थानच्या कोठीवर ते कारकून होते. तिथे धान्य यायचं पायलीनं आणि कागदावर चढायचं शेरानं, त्यामुळे मापाचं वजन आणि वजनाचं माप करण्याचा त्यांना जो नाद लागला, तो थेट अक्काच्या चुलीपर्यंत पोचला. शिक्षकाची नोकरी लागल्यावर मी त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी भावोजी सोनाराच्या तागडीत कोथिंबीर तोलत बसलेले दिसले. "वाटीभर चिरलेली कोथिंबीर मोकळी भरली तर तोळाभर होते, दाबून भरली तर दोन तोळे," त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. "मग दाबू नका," अक्का चुलीपाशी बसून म्हणाली. तिची मापं म्हणजे मूठ, चिमूट आणि 'हवी तेवढी'. या 'हवी तेवढी'नं भावोजींना फार छळलं. ती आमटीत कोथिंबीर टाकायला गेली की ते तिचं मनगट धरून मूठ तागडीत रिकामी करून घ्यायचे. तोवर फोडणी करपायची. तरी जेवताना करपलेल्या आमटीचंही कौतुक करायचे.

दाभोशाहून एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन पालेभाजी विकायला यायची. भावोजी प्रत्येक जुडी अंगणभर झटकायचे. पानांवरचं पाणी वजनात येऊ नये म्हणून. एकदा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, पाला हाय, सोना नाय. पानी फुकट देतंय, ऱ्हाऊ द्या!" भावोजी मनापासून हसले, आणि पुढची जुडी झटकू लागले.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी अक्काला तापानं धरलं. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली. "पोटात काही जाईना तर औषध काय करील?" असं म्हणून वैद्यबुवा मान हलवत गेले. भावोजींनी रजा टाकली आणि स्वतः मुगाचं कढण केलं. आलं, जिरं, कोथिंबीर सगळं तोलून. अक्कानं एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं.

"वासच नाही."

"अगं, तुझ्याच मुठीइतकी घातलीय. मोजलेली मूठ आहे ती!"

"ती कोवळी होती. ही जून आहे," अक्का कशीबशी म्हणाली. "इकडे आणा."

भावोजींनी पातेलं आणि जुडी तिच्या अंथरुणापाशी नेली. अक्कानं पानं चुरगळून हुंगली, थोडी टाकली, पुन्हा हुंगली, अजून टाकली. तागडी स्वयंपाकघरातच राहिली होती. मग अक्का वाटीभर कढण प्यायली. सावकाश, पण सगळं.

तिच्या बोटांना चिकटलेली पानं पुसायला भावोजींनी तिचा हात आपल्या तळहातावर घेतला, आणि तसाच धरून राहिले.

"किती हलका झालाय गं हात तुझा."

"मग भात वाढा थोडा," अक्का म्हणाली. "भरेल."

भावोजी लगबगीनं आत गेले. भात वाढायला त्यांना बराच वेळ लागला. मी डोकावलो, तर ते चुलीकडे तोंड करून उपरण्यानं डोळे पुसत होते.