केबलला बैलाचे गोंडे

माझं पोट केबलवर चालतं. जहाजामागे पाण्याखालून ओढायच्या केबल मी किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात तपासते. चालत्या केबलच्या कधी या अंगाला, कधी त्या अंगाला भोवरे सुटतात, ती थरथरते आणि टोकाचं यंत्र आंधळं होतं. अंगावर विरळ झालर बांधली की भोवरे फुटतात. एवढी साधी गोष्ट.

सुट्टीत केदारखेड्याजवळच्या आमच्या गावी गेले, तर तलावातला गाळ मोजायला पथक आलेलं. गाळ सापडला तर तो उपसणार आणि गावच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी, नाहीतर टँकरमागे पळापळ. बोटीमागची केबल नुसती गुणगुणत होती. पडद्यावर सगळा काला. पथकाचे साहेब म्हणाले, "थर दिसत नाही. गाळ नाही असंच धरू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राला दिसेना, म्हणून गाळच नाही? मी झालरीचं सांगितलं. साहेब म्हणाले, "करा तुमची हौस."

घर गाठलं. वडिलांनी बैल विकला होता, पण त्याचे पोळ्याचे लोकरी गोंडे खुंटीला होते. "घे," ते म्हणाले, "बैल न्हाई राह्यला, गोंडे तरी पाण्याच्या कामी येऊ दे." आणि स्वतःच बांधायला आले. पण त्यांचा हात पोळ्याचा. बोटभर जागा मोकळी सोडली नाही. थरथर थांबली, पण पाण्यानं केबल अशी मागे ओढली की यंत्रच वर आलं.

"वरात काढताय का?" साहेब हसले.

मी निम्म्याहून जास्त गोंडे सोडले. "शोभाच गेली," वडील कुरकुरले. पुन्हा बोट फिरली. यंत्र खाली राहिलं, केबल गप्प झाली आणि पडद्यावर गाळाचा जाड थर स्वच्छ उमटला. साहेबांनी तो डोळ्यांनी पाहिला. तरी म्हणाले, "काढा हे. असला जुगाड आम्हाला कागदावर दाखवता येत नाही."

वडील मात्र केबलवर हात ठेवून बोटीतच बसले. "साहेब, पोळ्याला आमचा बैल गोंड्याबिगर वेशीतून निघायचा न्हाई. तुमची बोट बी निघायची न्हाई. आधी गाळ लिवा, मंग काढा."

काठावर गाव जमलं होतं. साहेबांनी लिहिलं.

गाळ निघाला, विहिरीला पाणी राहिलं. पण समोर दिसणारा चिखल लिहायला माझ्या बापाला बोटीत ठाण मांडून बसावं लागलं, याची चीड मला अजून येते.